गडग्याआडून बेसची दुरुस्ती

अगं, ये जरा गडग्याशी. कपडे मागाहून घाल दोरीवर, या हवेत नाहीतरी कुठे वाळणार आहेत! काल रात्री तुमच्याकडून घर्रर्र घर्रर्र येत होतं. हे म्हणाले, मिक्सर बिघडला असेल. मी म्हटलं, रात्री अकराला कोण वाटण वाटतंय? बेस गिटारची जाडी तार पडद्यांवर आपटतेय ती. निघालं ना खरं?

मुलगा काय म्हणतोय, नवा बेस घ्यायचाय? मे महिन्यात बरा वाजत होता की! अगं, बेस बिघडला नाही, पाऊस लागलाय. त्या चार तारा मिळून दांडीला 70-80 किलोंनी ओढत असतात. त्या ओढीला आवर घालायला दांडीच्या पोटात लोखंडी सळई असते, ट्रस रॉड म्हणतात तिला. लाकूड ओल धरतं, दांडी जराशी हलते. कुठली पुढे वाकते, कुठली मागे, ते बघितल्याशिवाय सांगू नये. तुझ्या मुलाला सांग, आधी सूर लावून घे, मग जाड्या तारेला पहिल्या पडद्यावर एका हाताने दाब, दुसऱ्या हाताने दांडी जिथे अंगाला जोडलीय तिथे दाब, आणि मधे सातव्या-आठव्या पडद्याशी बघ. तार आणि पडद्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फटच नाही, म्हणजे दांडी मागे गेली, सळई किंचित सैल करायची. बोट शिरेल एवढं अंतर असलं तर आवळायची. पण एका वेळी पाव फेराच, आणि पुन्हा सूर लावून बघायचं. जोर लावायचा नाही. वरच्या आळीतल्या त्या ऑर्केस्ट्रावाल्याने लावला जोर. सळईचा नटच गोल करून ठेवलान. आता दांडी बदलावी लागणार, सांगतोय सगळ्यांना की लाकूडच खराब होतं म्हणून.

त्याचं आणखी ऐक. आवाज मंद येतो म्हणून त्याने परदेशी पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी वेटोळी, मागवले. बेसच्या किमतीपेक्षा पिकअप महाग! बायको आठवडाभर बोलत नव्हती. मागवण्याआधी आला होता माझ्याकडे, मी बघितलं तर तारा काळ्या ठिक्कर, वर्षानुवर्षं बदललेल्या नाहीत. मी म्हटलं, बाबा रे, आधी तारा बदल. ऐकेल तर ना! नवे पिकअप लावले, आवाज तसाच. मग गुपचूप तारा बदलल्या आणि आता सांगत फिरतोय, पिकअपची कमाल बघा.

हां, आता तू म्हणशील, जुन्या तारांवरही लोक वाजवतात. वाजवतात ना. अमेरिकेत मोटाऊन नावाच्या रेकॉर्ड कंपनीत जेम्स जेमर्सन म्हणून बेसवाला होता, 1962 चा फेंडरचा प्रिसिजन बेस होता त्याचा. तार तुटल्याशिवाय बदलायचाच नाही. पण त्याच्या तारा चपट्या गुंडाळीच्या होत्या, हात लावला तर गुळगुळीत. त्या जुन्या झाल्या की आवाज गोलसर, बुटका होतो आणि त्याला तोच हवा होता. आपल्या पोरांच्या तारा खरखरीत गोल गुंडाळीच्या. घाम नि मळ त्या खाचांत बसतो, झालंच मग. वाजवून झालं की सुक्या फडक्याने पुसायला सांग, तेवढ्यानेसुद्धा बराच फरक पडतो. तारा उकळवून पुन्हा लावतात काही जण, पण तो चकाकीचा आवाज चार दिवस टिकतो. गॅस जाळायचा नि पुन्हा तेच.

अय्या, खोबरेल? फिंगरबोर्डला खोबरेल चोळलं? तूच दिलंस वाटी भरून? अगं बाई! केसांना लाव हवं तर. शिसवी आहे ना ती पट्टी, आपल्या घाटातल्याच जातीचं लाकूड, त्याला वर्षातून एखाद-दोनदा लेमन ऑइलचे दोन थेंब पुरतात. खोबरेल चिकट होतं नि खवट वास मारतो. सगळं पुसून काढ म्हणावं. आणि फिकट पिवळ्या, लकाकत्या मेपलच्या पट्टीला तर काहीच लावायचं नाही, तिच्यावर आधीच वॉर्निश असतं.

तुला वाटेल, काकूंना हे कुठून कळलं. अगं, आमच्या रेडिओच्या दुकानात सोल्डर मी मारायची, हे गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. आणि बेस गिटार म्हणजे रेडिओवाल्याचीच करामत आहे. लिओ फेंडर कॅलिफोर्नियात फुलरटनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा, 1938 पासून. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, ऐक! 1951 मध्ये त्याने हा प्रिसिजन बेस बाजारात आणला. दांडी अंगाला चार स्क्रूंनी बसवलेली, सरस नाही, काही नाही. खराब झाली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यातून आलेलं वाद्य आहे ते, आणि ही पोरं उठसूट नवं घ्यायला निघतात. 1957 ला त्याने पिकअपचे दोन तुकडे केले, प्रत्येक तुकडा दोन-दोन तारांना. दोन्ही वेटोळी अशी उलटसुलट जोडली की वायरीतून येणारी घूं आपसांत कापली जाते. हा माणूस माझ्या शेजारी राहिला असता ना, रोज चहाला बोलावलं असतं मी.

आता तुमच्याकडची घूं. काल घर्र थांबल्यावर ती येत होती. तारांना हात लावला की कमी होते का? होते ना? मग फार घाबरू नकोस. तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात, आपलं अंगही मग त्या अर्थला लागतं. पण भिंतीतल्या प्लगला अर्थ आहे का, ते वायरमनकडून तपासून घे. हे मी हसत नाही सांगत. गणपतीत मंडपवाल्यांचा जनरेटर असतो, तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन कापून दोन पिनांत कोंबलेली असते. बेसच्या तारा एका ऍम्पला, माईक दुसऱ्या वायरीवर, आणि गाता गाता ओठ माईकला लागले की झटका. गेल्या खेपेस एका पोराचे ओठ सुजले होते, गाणं अर्धवट सोडलं. मंडपवाला म्हणतो, वातावरणात वीज होती!

आणि तो कर्रकर्र आवाज, बटण फिरवलं की येतो तो? बटणाखालच्या पॉटमध्ये धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारायचा नि दहा-वीस वेळा फिरवायचं. केबल हलवली की आवाज जातो? जॅकचा नट सैल असेल. तो बाहेरून नुसता फिरवून घट्ट करत बसलं तर आतल्या वायरी पिळून तुटतात. मागचं झाकण काढून, जॅक आतून धरून आवळायचा. वायर तुटलीच असेल तर आण इकडे, लावून देते. नऊ व्होल्टची बॅटरी घालतात तसला बेस आहे का त्याचा? मग वाजवून झालं की केबल काढून ठेवायची. केबल आत राहिली की बॅटरी रात्रभर चालू. तो ऑर्केस्ट्रावाला दर आठवड्याला बॅटरी घेतो नि दुकानदाराला नकली माल देतोस म्हणून शिव्या घालतो.

घरातल्या लहान गिटार ऍम्पमध्ये मोठ्याने वाजवू नको म्हणावं मात्र. जाड्या तारेचा आवाज 41 हर्ट्झवरचा, त्या छोट्या स्पीकरचा कोन त्याला पुरत नाही. फाटला तर मग खर्च आहे.

संध्याकाळी पाठव त्याला बेस घेऊन. येताना सळईच्या मापाची ऍलन की आणायला सांग, माझी त्याने नेलीय, ऑर्केस्ट्रावाल्याने, आणि मागितली की म्हणतो सापडत नाही. सापडेल कशी, त्याच्या मेव्हण्याकडे बघितली मी परवा, सायकलचं सीट आवळत होता तिने! तो मेव्हणा म्हणजे कोण, माहीत आहे ना तुला? नाही? थांब, तो नळ बंद करून ये आधी.