सरोजिनी नगरातील व्याघ्रदर्शी

पूर्वी विनयनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांसाठी प्रसिद्ध असलेल्या दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगरात बदलीवर आलेल्या मराठी अधिकाऱ्यांचा एक वर्ग आढळतो, ज्यास सोयीसाठी व्याघ्रदर्शी म्हणता येईल. वाघाविषयीचे कुतूहल हे त्याचे लक्षण नव्हे. आपल्याला वाघ दिसला ही बाब शेजारच्या क्वार्टरला रीतसर कळवणे, हे खरे लक्षण होय. वसाहतीत माणसाची पायरी घराच्या ‘टाइप’वरून ठरते आणि टाइप वेतनश्रेणीवरून; तो बदलणे हाती नसल्यामुळे ‘साइटिंग’, म्हणजे प्रत्यक्ष व्याघ्रदर्शन, हा बढतीचा एकमेव खुला मार्ग उरतो.

व्याघ्रदर्शीची पूर्वतयारी घराजवळच्या बाजारातच होते. परदेशी दुकानांसाठी शिवलेले, परंतु शिवणीत खोट निघाल्याने वा नग जास्त झाल्याने देशातच राहिलेले कपडे येथे ढिगाने विकले जातात, आणि विक्रेत्याच्या ‘दो सौ, दो सौ’ या आरोळीला ‘डेढ सौ’ असे उत्तर देत तो ढिगातून शेवाळी रंगाचे, आठ खिशांचे जाकीट उपसून काढतो. ते मूळचे गळाने मासे पकडणाऱ्यांसाठी शिवलेले असल्याने डाव्या खिशावर माशाचे भरतकाम असते. त्याबद्दल कोणी विचारलेच, तर चेहऱ्यावरील माशाच्या आकाराच्या खुणेमुळे नाव पडलेल्या आणि २०१६ मध्ये वारलेल्या रणथंबोरच्या ‘मछली’ वाघिणीच्या स्मरणार्थ ते आहे, असे सांगितले जाते. उरलेल्या खिशांत ओळखपत्राच्या झेरॉक्स आणि पातळ पोह्यांचा चिवडा असतो.

निजामुद्दीनहून सवाई माधोपूरला जाणारी गाडी सोयीची असल्याने पहिली स्वारी रणथंबोरवर होते. या उद्यानात पर्यटकांसाठी दहा झोन, म्हणजे सफारीचे ठरवून दिलेले विभाग आहेत, आणि त्यांपैकी पहिल्या पाचांना अधिक प्रतिष्ठा आहे, हे कळताच व्याघ्रदर्शीस आपल्या खात्यात असल्यासारखे वाटू लागते. आठवा झोन मिळणे हा त्याला सेवाज्येष्ठतेचा अवमान वाटतो, आणि तो ‘वर’ कोणाला तरी फोन लावतो. सहा पर्यटकांच्या जिप्सीऐवजी वीस आसनांच्या उघड्या कँटरमध्ये बसावे लागले, तर घरी परतल्यावर वाहनाचा उल्लेखच होत नाही. सांबर ओरडले की वाघ जवळ असल्याचा तो ‘कॉल’, म्हणजे इशारा असतो, असे गाइड सांगतो. या माहितीनंतर सांबराची उपयुक्तता वर्दी देणाऱ्या शिपायाएवढीच उरते, आणि चितळ, मोर वा तलावातली मगर यांची तर नोंदही घेतली जात नाही.

व्याघ्रदर्शीचे वनप्रेम अंतराच्या सम प्रमाणात वाढते. २०१८ च्या जूनमध्ये पुनर्विकासासाठी याच वसाहतींतील हजारो झाडांवर कुऱ्हाड येणार होती, नागरिक झाडांना कवटाळून उभे राहिले आणि पुढे उच्च न्यायालयाने तोडीला स्थगिती दिली. त्या काळात व्याघ्रदर्शीची चिंता नवी पार्किंगची जागा कितव्या मजल्याखाली येणार, याविषयी होती. एरवी १ एप्रिल १९७३ रोजी कॉर्बेटमध्ये सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पावर तो चहा निवेपर्यंत बोलू शकतो.

मूळ गावी जाण्यासाठी मिळणारी प्रवासभाड्याची सवलत, म्हणजे एलटीसी, घेऊन तो चंद्रपूरला जातो, तेव्हा ताडोब्याची सफारी ओघानेच येते. तेथील गाभा क्षेत्रात, म्हणजे वाघांसाठी राखलेल्या आतल्या भागात, मोबाइल नेण्यास बंदी असल्याने ज्या दर्शनाचे छायाचित्र नाही ते दर्शन फाइलवर कसे घ्यावे, असा पेच निर्माण होतो, आणि बऱ्याचदा रणथंबोरचाच जुना वाघ ताडोब्याचा म्हणून वसाहतीच्या ग्रुपवर पाठवला जातो. रात्री मूल तालुक्यातील चुलतभावाकडे मुक्काम असतो, आणि तेथे जाकिटासह सफारीचे साग्रसंगीत कथन होते. धानाची राखण करणाऱ्या त्या भावाला वाघ अनेकदा दिसलेला असतो. तो पुन्हा दिसू नये, एवढीच त्याची इच्छा असते.