नवशिक्यांसाठी बेडूकपालन

परदेशातली हौशी मंडळी काचपेटीत न्यूटची अंडी वाढवतात. न्यूट म्हणजे पालीच्या तोंडवळ्याचा, जन्मभर शेपूट सांभाळणारा उभयचर. त्याचे भारतातले भाऊबंद थेट पूर्व हिमालयात. दार्जिलिंगजवळ जोरपोखरीला त्यांच्यासाठी अभयारण्यच राखलंय. आपल्या इथल्या, चिचगडच्या माणसाने एवढा प्रवास करू नये. मृगाचा दणक्याचा पाऊस झाला, भाताच्या बांध्या भरल्या, बेडकांचे पिवळेधमक नर गळ्याचे निळे फुगे फुगवून रात्रभर बोंबलले, की सकाळी बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, कडेला जावं.

मात्र त्या पिवळ्यांच्या अंड्यांना हात लावू नका. त्यांचे भैकेर, म्हणजे शेपटीवाली पिल्लं, मांसाहारी. पन्नास ठेवाल, तर शेवटी एक उरेल, तोही तब्येतीने. नवशिक्याने रात्री दिव्याखाली किडे टिपणाऱ्या फोडफोड्या बेडकाची अंडी घ्यावी. पाण्यातल्या काडीकचऱ्याला गुंडाळलेली लांब, पारदर्शक दोरी आणि तिच्यात ओळीने काळे ठिपके, ही त्यांची खूण. वीतभर तुकडा पुरे. सगळी दोरी उचललीत, तर घरात शेकडो जीव आणि तुम्ही एकटे. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातून मात्र काडीही उचलायची नाही; 2013 पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे आणि बेडकापायी वनखात्याच्या दारात उभं राहणं शोभत नाही.

घरी पसरट टब घ्या. घरची बुढी विचारेलच, “कायले आनलास हे? झिंगे आनतास तं कालवन तरी झालं असतं!” उत्तर देऊ नका.

पाण्याची गोष्ट मात्र गमतीची नाही. नळाच्या पाण्यात ब्लिचिंग असतं. ते दिवसभर उघड्या बादलीत ठेवूनच वापरा. विहिरीचं उत्तम. फवारणी झालेल्या बांधीचं तर आणूच नका. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात. बाहेर आलेली पिल्लं सुरुवातीला काहीच करत नाहीत, नुसती चिकटून लोंबतात. घाबरून खायला घालू नका. पोहायला लागली, की उकडलेल्या पालकाचा नखाएवढा तुकडा द्या. पाहुण्याला वाढतो तसा आग्रह इथे केलात, तर पाणी सडतं आणि सकाळी सगळे पोट वर करून तरंगतात. रोज थोडं जुनं पाणी काढा, थोडं नवं घाला. बेडूकपालन म्हणजे नव्वद टक्के पाणी भरणं.

न्यूटच्या पिल्लाला आधी पुढचे पाय फुटतात, बेडकाच्या आधी मागचे. पुढचे दिसले, की टब कलता करून दगड ठेवाच. शेपूट विरताना हे महाशय जेवत नाहीत, कल्ल्यांचा श्वास सुटतो, फुप्फुसाचा चालू होतो. बाहेर यायला जागा नसेल, तर पाण्यातच बुडून मरतात. हो, बेडूक बुडतो.

महिना-दीड महिन्यात नखाएवढे बेडूक तयार. आता त्यांना पालक चालत नाही. जिवंत, इवलासा किडाच हवा. त्यासाठी केळं सडवून चिलटं जमवायचा उपाय आहे, पण त्याला बुढीची परवानगी लागेल. त्यापेक्षा संध्याकाळी, पाऊस असताना, ज्या बोडीतून अंडी आणली तिथेच सोडा. दुसऱ्या तळ्यात नको, एका पाण्याचा रोग दुसऱ्यात जातो. सोडायला एकट्याने जा; गावातली पोरं सोबत आली, तर निम्मे परत घरी येतील, त्यांच्या खिशातून.