मेलेल्या तारेची खात्री

घोड नदीच्या काठी शर्टाच्या खिशात पेन नसलं तरी चालतं, टेस्टर मात्र लागतो. इनामगावच्या उसातून बाहेर येणाऱ्या माणसाच्या आधी बहुधा त्याच्या टेस्टरची पारदर्शक मूठ दिसते. त्याने स्क्रू पिळतात, डब्याचं झाकण उचकटतात, ठिबकच्या नळीतली माती टोकरतात आणि बांधाचा वाद रंगला की समोरच्याच्या छातीवर तोच रोखतात. तारेत वीज आहे का हे विचारणं हा त्याचा जोडधंदा. स्क्रू पिळून पिळून आतला दिवा खिळखिळा होतो आणि नेमका जोडधंद्याच्या वेळी मुका राहतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी दोन कामांसाठी दोन वस्तू बाळगणारा शेतकरी माझ्या पाहण्यात नाही.

हा टेस्टर मला विजेच्या सगळ्या उपकरणांत भाबडा वाटतो. टोक तारेला लावायचं, बोट मुठीवरच्या धातूच्या टोपीवर ठेवायचं; मग तारेतली वीज एका मोठ्या रोधातून आणि निऑनच्या चिमुकल्या दिव्यातून गाळत गाळत आपल्याच अंगातून जमिनीत उतरते. ती इतकी थोडी, अर्ध्या मिलिअँपिअरहूनही कमी, की आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणजे उत्तर हवं असेल तर आधी स्वतःच त्या वाटेचा तुकडा व्हायचं. हा निऑन 1898 साली लंडनमध्ये रॅमसे आणि ट्रॅव्हर्स यांना सापडला. तेच रॅमसे पुढे जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी जागा पाहत हिंदुस्थानभर हिंडले आणि बंगळूरला कौल देऊन गेले. आपला वायू एक दिवस नदीकाठच्या पत्र्याच्या पेटीसमोर केशरी डोळा उघडेल आणि त्या डोळ्यात डोळा घालून कुणी उसाचं भवितव्य वाचेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

भर उन्हात हा डोळा उघडा की मिटलेला, ते कळत नाही. मग माणूस टोपी काढून तिची सावली धरतो आणि पेटीत असं डोकं घालतो, जणू आत कुणी मरताना शेवटचं काही सांगतंय. कोरड्या फळीवर रबरी चपला घालून उभं राहिलं की दिवा आणखी मंदावतो. त्यामुळे टेस्टर ‘नाही’ म्हणाला, की तो खरंच नाही म्हणाला का, हे पुन्हा विचारावं लागतं.

पण त्याचं ‘हो’सुद्धा कधीकधी फसवं असतं. आमचे तात्या, म्हणजे धाकटे चुलते, स्टार्टरसमोर उभे राहून म्हणतात, “तिन्ही फेज हायेत की!” आणि बटण दाबलं की मोटर नुसतीच घुमते, फिरत नाही. वायरमन सांगतो, “तात्या, एक फेज गेलाय. रिटर्न मारतंय ते.” गेलेल्या फेजवर कुणाची ना कुणाची मोटर जोडलेली असते, बाकीच्या दोन फेजांची वीज तिच्या वाइंडिंगमधून वळसा घेऊन मेलेल्या तारेत उलटी येते. टेस्टरला व्होल्ट मोजता येत नाहीत, कणभर विजेवरही तो खूश होऊन पेटतो. त्याची लबाडी पकडायला वायरमनच्या पिशवीत दोन बल्बांची सिरीज असते. दोन बल्ब अशासाठी, की दोन फेजांमध्ये चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि एकटा बल्ब तेवढ्याने फुटेल. ती जोडी एका ठिकाणी झगझगीत आणि दुसऱ्या ठिकाणी मलूल जळली, की मेलेलं कोण ते कळतं.

मेलेलं परत येईल ही धास्ती या मातीला नवी नाही. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी इथलं पांढरीचं टेकाड खणलं. तीन हजार वर्षांपूर्वीची शंभराहून जास्त घरं निघाली, नदीच्या पाण्याचा पाटही निघाला. थोरली माणसं घरातल्याच जमिनीखाली पुरलेली होती, डोकं उत्तरेला आणि पावलं घोट्यापासून तोडलेली. मेलेल्याने उठून परत येऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा कयास. एकालाच सूट होती. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात तो मांडी घालून मातीच्या रांजणात बसलेला सापडला. त्याची पावलं शाबूत होती आणि रांजणाला वर आणखी चार पाय! मानाच्या माणसाला रिटर्नची मुभा असावी.

लाइनमन हेच वेगळ्या रीतीने करतात. तार मेली असं टेस्टरने सांगितल्यावरही ते तिन्ही तारा एकमेकींना बांधून जमिनीला जोडतात, मगच हात लावतात. कारण वस्तीवर कुणी जनरेटर सुरू केला तर तार उठून बसते. मला ही रीत पावलं तोडण्याहून पुष्कळ मायेची वाटते.

पुतण्याने पुण्याहून तात्यांना दोन नव्या वस्तू आणून दिल्या. एक तारेला न शिवताच पिपाणी वाजवणारा पेन. तो शेजारच्या तारेलाही ओवाळतो, म्हणून तात्यांनी तो नातवाला खेळायला दिला. सेल काढून, हे विशेष. दुसरा मल्टीमीटर, ज्यावर ‘कॅट थ्री’ आणि व्होल्टचा आकडा छापलेला आहे की नाही हे पाहून घ्यायचं असतं. त्याचा खटका अँपिअरवर राहिला आणि काड्या फेजला लावल्या तर मोठा आवाज होतो, हे पुतण्याने इतक्या वेळा बजावलं की तात्या तो कपाटातच ठेवतात. मात्र त्याने सांगितलेली एक रीत त्यांनी उचलली: आधी चालू तारेवर टेस्टर पेटतो का पाहायचं, मग संशयितावर लावायचा, मग पुन्हा चालूवर. दिवा मधल्या वेळात गेला नाही ना, याची खात्री.

एवढं करूनही तात्या किटकॅट उपसून खिशात घालतात. फ्यूज माझ्या खिशात, तर वीज कुठून येईल, हा त्यांचा शेवटचा आणि सगळ्यांत चोख टेस्टर. एकदा दुरुस्ती आटोपल्यावर ते तसेच शिरूरच्या बाजाराला गेले. लाइट आली, आठ तास राहिली, गेली. संध्याकाळी तात्यांनी ओशाळून तिन्ही किटकॅट भाजीच्या पिशवीशेजारी ठेवले. काकूंनी ते फडक्याने पुसले आणि म्हणाल्या, “ऊस काय एका दिसानं मरत न्हाई. हात धुवा, भाकरी वाढते.”