गल्लीचा प्रभारी

सोलापूरकराला आज वार कोणता ते विचारू नका, पाणी कधी यायचंय ते विचारा. सोमवार-मंगळवार ही बाहेरगावच्या लोकांची सोय. आमचा आठवडा चार-पाच दिवसांचा आणि तो उजनी धरणावर ठरतो. शंभराहून अधिक किलोमीटर पाइपातून प्रवास करून ते पाणी गल्लीत पोचतं, तेव्हा घागरी, बादल्या, पातेली, कळश्या, एक पुरणयंत्र सोडलं तर घरातलं सगळं भांडंकुंडं मोरीपासून जिन्यापर्यंत रांगेत उभं असतं. आणि पाणी आलंच नाही तर? नगरसेवकाला फोन करायचा. स्थानिक स्वराज्याचा माझा अभ्यास एवढाच होता, आणि तो फोनही सौ.च करायची.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांचं आरक्षण आणि प्रभागरचना यांचा वाद न्यायालयात अडकला, निवडणूक लांबली आणि 102 नगरसेवक एकदम माजी झाले. कारभार प्रशासकांकडे, म्हणजे आयुक्तांकडेच, गेला. आता आयुक्त सनदी अधिकारी. त्यांना अर्ज करता येतो, पण रात्री साडेअकराला बनियनवर त्यांच्या दारात जाऊन भांडता येत नाही. नगरसेवकाचं तसं नव्हतं. तो लग्नात पंगतीला भेटायचा, मयतीला भेटायचा, गड्ड्याच्या यात्रेत पोराला पाळण्यात बसवताना भेटायचा, आणि जिथं भेटेल तिथं आमची सौ. त्याला गटारीचं विचारायची. तो ‘बघतो वहिनी’ म्हणायचा. बघायचा की नाही ते सोडा, म्हणायला तरी कुणी होतं.

तेव्हा गल्लीनं ठरवलं, निवडणूक होईपर्यंत आपल्यातलाच एक प्रभारी नेमायचा. सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. मला वाटलं, माझं वाचन, माझी भाषा, माझा सार्वजनिक प्रश्नांचा व्यासंग. शेजारचे अण्णा म्हणाले, “तुम्ही रिकामेच असता की.”

पहिलं काम आलं ते कोपऱ्यावरच्या गळतीचं. पाण्याच्या दिवशी तिथं एवढं तळं साचायचं की म्हशी वेळ बघून यायच्या. मी अर्ज लिहायला बसलो. नुसतं ‘पाइप गळतो’ लिहिणं मला शोभेना. म्हणून 1852 साली सोलापुरात नगरपालिका आली तिथून सुरुवात केली. 1930 साली याच नगरपालिकेवर तिरंगा फडकला, मग इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, जानेवारी 1931 मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले, अशा गावच्या नागरिकाला पाण्यासाठी अर्ज करावा लागतो, असं लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले. 1964 ची महापालिका मी ओघात घेतली आणि 74 वी घटनादुरुस्ती विस्तारानं. एका कचेरीतल्या खिडकीवर तो गठ्ठा दिला. आतल्या बाईंनी तो शांतपणे पुढून मागे आणि मागून पुढे चाळला.

“काका, लई चांगलं लिवलंय. पण ह्यात गळती कुठं हाय?”

गळती राहूनच गेली होती.

मग मी कायद्याची पुस्तकं काढली. 2009 च्या कायद्यानं महाराष्ट्रात शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद झाली आहे, खेड्यात ग्रामसभा तशी ही शहरातली, हे वाचून मला कोण आनंद झाला! मारुतीच्या देवळासमोर सतरंजी अंथरली, सौ.कडून शेंगापोळ्या करवून घेतल्या आणि लोक जमल्यावर मोठ्या आवाजात तरतूद वाचून दाखवली. वाचता वाचता मलाच कळलं की क्षेत्रसभेचा अध्यक्ष नगरसेवक असतो. म्हणजे नगरसेवक नाही, तर सभा नाही. मी तिला ‘अनौपचारिक चर्चा’ असं नाव दिलं. चर्चा पाण्यावरून निघाली, पाण्यावरून मोटारींवर गेली, मोटारींवरून कुणाच्या मोरीचं पाणी कुणाच्या भिंतीत मुरतं यावर आली आणि ती मोरी आमची निघाली. सर्वानुमते एकच ठराव झाला. माझ्या मोरीविरुद्ध.

पत गेलेली परत मिळवायला मी चावीवाल्याला गाठलं. शहराचं पाणी सोडतो कोण? राज्यघटना नाही, मंत्री नाही. सायकलीला लांब लोखंडी चावी बांधून गल्लीच्या तोंडाशी येणारा, चेंबरचं झाकण उचलून गुडघ्यावर बसणारा हा माणूस सोडतो. त्याला दोन कप चहा पाजला. तो म्हणाला, “बघू, सहापर्यंत येईल.” मी तेवढ्या भांडवलावर गल्लीच्या ग्रुपवर जाहीर केलं: ‘माझ्या पाठपुराव्यामुळे आज सायंकाळी ठीक 6 वाजता पाणी. – प्रभारी.’ सहापासून गल्ली नळाशी बसली. सात झाले, नऊ झाले, लोकांनी जेवणं उरकली, मालिका बुडाल्या, लहान पोरं घागरींना टेकून झोपली आणि शेवटी सगळे मला दुवा देत अंथरुणावर पडले. पाणी पहाटे तीनला आलं आणि कुणालाही न भेटता गटारीनं निघून गेलं. दुसऱ्या दिवशी चावीवाला म्हणाला, “काका, सहाच म्हनलो की मी. सांजचे म्हनलो का?” त्यानंतर मी ग्रुपवर जी वेळ टाकायचो, ती सोडून बाकीच्या वेळी लोक बादल्या लावायचे. फार अचूक पद्धत होती ती.

असं जवळजवळ चार वर्षं चाललं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून बजावलं आणि अखेर 15 जानेवारी 2026 ला, ऐन गड्ड्याच्या यात्रेत, मतदान आलं. प्रभागपद्धतीमुळे आमच्या प्रभागात एकेका मतदाराला चार-चार मतं. अ ची मतपत्रिका पांढरी, ब ची गुलाबी, क ची पिवळी, ड ची निळी. मी आदल्या रात्री गल्लीतल्या म्हाताऱ्यांना हे समजावून सांगितलं होतं. केंद्रात गेलो, बटणं दाबली आणि बीप ऐकायला कान देऊन उभा राहिलो. बाहेर रांग कुजबुजू लागली. यंत्र बिघडलंय असं मी अधिकाऱ्यांना बजावणार, तेवढ्यात माझ्यामागे उभ्या असलेल्या नव्वदीच्या आजी ओरडल्या, “निळं राहिलं रे, प्रभारी!”

निकाल लागला, नगरसेवक आले. मी पद सोडल्याचं ग्रुपवर रीतसर कळवलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला, कारण एवढ्या काळात या कामाचं मर्म मला उमगलं होतं: प्रश्न सुटतो तेव्हा सुटतो, तोवर लोकांचे बोल ऐकायला हाताच्या अंतरावर कुणीतरी हवं. ते सुख आता ज्याचं त्याला लखलाभ. त्याच आठवड्यात रात्री साडेअकराला अण्णा दारात उभे. पाणी नव्हतं. मी म्हटलं, “अण्णा, आता एक सोडून चार जण निवडून दिलेत, त्यांच्याकडे जा की.”

“जातो हो उद्या,” अण्णा म्हणाले, “पण ते नवीन आहेत. त्यांना एकदम शिव्या कशा घालायच्या? तुमची सवय झालीय.”