पेटंटचे फ्लेक्स

अभियांत्रिकी प्रवेशाचा हंगाम आला की महाविद्यालयांच्या फाटकांवर फ्लेक्स चढतात. प्लेसमेंटच्या आकड्याशेजारी हल्ली पेटंटचाही आकडा असतो. पालक वाचतात, भारावतात आणि फी भरतात.

त्यातली मिळालेली पेटंट किती?

‘पेटंट प्रकाशित’ एवढंच छापलं असेल, तर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. अर्ज केला की साधारण १८ महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये आपोआप प्रसिद्ध होतो. घाई असेल तर फॉर्म ९ आणि जादा शुल्क भरा, महिनाभरात काम होतं. कल्पना खरंच नवी आहे का, हे परीक्षक तपासतो ते त्यानंतर.

बारावीचा फॉर्म भरल्याचे पेढे कुणी वाटतं का?

दोष एकट्या महाविद्यालयांचा नाही. एनआयआरएफ या केंद्राच्या शिक्षणसंस्था-क्रमवारीनं मिळालेल्या पेटंटांबरोबर नुसत्या प्रकाशित अर्जांनाही गुण ठेवले. २०२१ मध्ये केंद्रानं शैक्षणिक संस्थांचं पेटंट शुल्क ८० टक्क्यांनी उतरवलं. पैशाअभावी कुणाची कल्पना अडू नये, हा हेतू रास्तच. पण अर्ज स्वस्त आणि वर गुण मिळणार म्हटल्यावर ढीग लागणारच.

त्या ढिगातलं कारखान्यापर्यंत काय पोचलं?

हे सांगणारा कागदही आहे. फॉर्म २७. मिळालेलं पेटंट देशात वापरात आहे की नाही, हे पेटंटधारकानं त्यात कळवायचं असतं. हा फॉर्म कोणत्या महाविद्यालयानं फाटकावर लावलाय?

आता दुसरी बाजू. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी उपग्रह बांधायला घेतला. एका बॅचनं सुरू केलं, ती पास होऊन गेली, पुढच्या बॅचनं काम हातात घेतलं. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटनं तो ‘स्वयम्’ उपग्रह कक्षेत नेला. वजन एक किलोच्या आत. दिशा सांभाळायला वीज लागू नये म्हणून आत चुंबक बसवलेलं, ते पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळवून घेणारं.

या उपग्रहासाठी सुमारे आठ वर्षं लागली. वार्षिक अहवालाच्या कुठल्या रकान्यात ती बसतील?

खरं संशोधन असंच चालतं. त्याला वेळ, माणसं आणि पैसा लागतो. आणि २०२०-२१ च्या सरकारी आकड्यांनुसार देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकानं लेक्चर घ्यायची, पेपर तपासायचे, नॅक मूल्यांकनाच्या फायली भरायच्या आणि वर दरवर्षी एक शोधही लावायचा?

शोध लागत नाही. अर्ज लागतो.

उपाय अवघड नाही. क्रमवारीतून प्रकाशित अर्जांचे गुण काढून टाका. प्रत्येक संस्थेला तीन आकडे जाहीर करायला लावा : मिळालेली पेटंट, उद्योगांना परवान्यानं दिलेली पेटंट, प्रत्यक्ष वापरातली पेटंट. तिसरा आकडा शून्य असेल तर शून्यच छापा. खऱ्या शून्यापासून सुरुवात तरी करता येते.

पालकांनो, नियम बदलायची वाट बघू नका. प्रवेशाआधी हे तीन आकडे तोंडावर विचारा. मग संध्याकाळी पाचनंतर प्रयोगशाळेकडे एक चक्कर मारा. आत मुलं काहीतरी जोडत, मोडत बसलेली दिसली तर निर्धास्त प्रवेश घ्या.

कुलूप दिसलं तर पुढचं महाविद्यालय बघा.