बंबाचा शेजार

न्हाणीघरातला तांब्याचा बंब पोटात निखारे ठेवून पाणी तापवतो आणि नगरपरिषदेचा लाल बंब पोटात पाणी ठेवून निखारे विझवतो. धंदे उलटे, नाव मात्र एकच. पहिला आता अडगळीत गेला. दुसऱ्याच्या मागे कॉलेजातली पोरं पाठवावीत, असं माझं म्हणणं आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं आहे, आणि त्यात बरीच मुलं कुठल्या तरी कार्यालयात झेरॉक्स काढून सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आणतात. त्याऐवजी रहिमतपूरसारख्या गावातल्या मुलाने महिनाभर फायरमनच्या मागे हिंडावं. तेही शौर्य शिकायला नव्हे. शौर्य हा अग्निशमनातला जोडधंदा आहे. मुख्य विषय शेजाराचा, म्हणजे कशाशेजारी काय ठेवू नये याचा.

पुरावा मुंबईचा आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज पेटलं. त्याच्या पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं होती, शिवाय कापसाच्या हजारो गाठी, तेल आणि सोन्याच्या विटाही. आधी कापूस धुमसला आणि मग जे व्हायचं ते झालं. मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण त्यात गेले. देशभर 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. त्या दिवशी धैर्य कुठेच कमी पडलं नव्हतं. चुकला होता तो शेजार, आणि तोही बंब पोहोचण्याच्या कितीतरी आधी.

आपल्याकडे जहाज नाही, पण कडब्याची गंजी आहे. ती गोठ्याला लागून, कारण वैरण हाताशी हवी. गोठा घराला लागून, कारण म्हैस डोळ्यासमोर हवी. आणि या सगळ्यावरून विजेची तार जाते, कारण ती कुणाला विचारत नाही. ऊस तुटून गेला की पाचट पेटवणारा माणूस आग आपल्या बांधापर्यंतच नेणार असतो. वाऱ्याला मात्र सातबारा वाचता येत नाही. 2006 सालचा राज्याचा आगप्रतिबंधक कायदा इमारतींकडून प्रमाणपत्रं मागतो. गंजीला ती कोण मागणार?

यावर कुणी म्हणेल, छोट्या गावात रोज कुठे आग लागते? पोरगं कंटाळून जाईल. जाऊ दे. तेवढ्यात ते होज सुकवेल, पंप चालू करून पाहील आणि एक सोपं गणित सोडवेल: टाकी साडेचार हजार लिटरची, पंप मिनिटाला सव्वादोन हजार लिटर फेकणारा, तर पूर्ण दाबाने पाणी किती वेळ पुरेल? दोन मिनिटं. पुढे जवळची विहीर किंवा शेततळं ठाऊक नसेल तर ती गाडी म्हणजे भोंगा लावलेली रिकामी घागर. पाण्याचा असा विचार या गावाला नवा नाही. जुन्या मशिदीतलं कारंजं उडावं म्हणून पाणी उंचावर चढवणारा मनोरा रहिमतपुरात पूर्वीच बांधला गेला. कारंज्यासाठी एवढा खटाटोप करणाऱ्या गावाला गंजीसाठी विहिरींचा नकाशा काढणं जड जाऊ नये.

दुसरा आक्षेप आईबापांचा: लेकराला आगीत घालता काय? मुळीच नाही. त्याला उभं करायचं ते बंबाच्या मागच्या बाजूला, जिथे मोबाईल उंचावून व्हिडिओ काढणारी गर्दी होजवर पाय देऊन उभी असते. तिला मागे सारणं हे पाणी मारण्याइतकंच मोलाचं काम आहे, आणि त्यात भाजण्यापेक्षा शिव्या खाण्याचा धोका जास्त.

प्राध्यापकांची अडचण मात्र खरी आहे: महिनाभर आगच लागली नाही तर गुण कशाचे द्यायचे? माझ्या मते परीक्षा घरीच घ्यावी. विद्यार्थ्याने स्वतःच्या स्वयंपाकघराचा नकाशा काढावा आणि काय कुठून हलवायचं ते दाखवावं. निम्मे गुण नकाशाला. उरलेले निम्मे, गॅसच्या शेगडीशेजारचा तेलाचा डबा आईच्या देखत उचलून दुसरीकडे ठेवला तर. तिथे त्याला शौर्य लागेल.