पहिल्यापासून सांगतो

अमेरिकेत मुलाकडे जाऊन आलेले आईबाप आमच्या वर्ध्यात लगेच ओळखू येतात. कुणी व्हिटॅमिनच्या गोळ्यांचे डबे आणतं, कुणी तिथल्या रस्त्यांचं कौतुक, कुणी सुनेबद्दलची पक्की झालेली मतं. आमच्या गल्लीतल्या काकाजींनी एका फुटबॉल क्लबचा इतिहास आणला. तोही पहिल्या दर्जाच्या क्लबचा नाही.

काकाजींचं बालपण पुलगावात गेलं. वडील कापड गिरणीत. नोकरी कलेक्टर कचेरीत. चेंडूला पाय असा त्यांनी कधी लावलाच नव्हता. मुलगा डेट्रॉइटच्या उपनगरात, मोटारीच्या कंपनीत. सहा महिन्यांसाठी म्हणून गेले आणि महिन्याभरात कंटाळले. बोलायला माणूस नाही, पेपर नाही, चौक नाही. बापाचं तोंड पाहवेना म्हणून पोराने एका शनिवारी त्यांना मॅचला नेलं. परतले ते गळ्यात डेट्रॉइट सिटी एफसीचा मरून मफलर घालून. मफलर लोकरीचा आहे आणि वर्ध्यात मे महिन्यात पारा सेहेचाळिसावर जातो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, हे काकाजींना मान्य नाही.

त्यांना नुसतं “काय काकाजी, कसं चाललंय?” एवढं विचारावं. ते चष्मा पुसतात, समोरच्याला बसवतात आणि म्हणतात, “पहिल्यापासून सांगतो.”

पहिलं म्हणजे २०१२.

“२०१२ च्या आधी काय होतं? काई नोतं. पाच दोस्तांनी मिळून क्लब काहाडला. मैदान? शाळेचं! कॅस टेक नावाची शाळा हाय, तिच्या मैदानावर खेळत. लीग कोणती? चौथ्या दर्जाची. पैसे कोनापाशी होते बाप्पा!” इथे ते थांबतात. समोरच्याने “मंग?” म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर स्वतःच म्हणतात.

मग येतं हॅमट्रॅमक. हे जवळजवळ चहूबाजूंनी डेट्रॉइटने वेढलेलं वेगळं छोटं शहर; त्याचा महापौर वेगळा, कारभार वेगळा. हे समजवायला एखाद्याला नकाशा लागला असता. काकाजी म्हणतात, “आपली सिंदी मेघे.” संपलं! वर्ध्याला खेटून, पण ग्रामपंचायत वेगळी. अख्ख्या वर्ध्याला एका वाक्यात कळतं. तिथलं कीवर्थ स्टेडियम १९३६ चं, मंदीच्या काळात सरकारने लोकांच्या हाताला काम म्हणून बांधलेलं. (“रोजगार हमी!” काकाजी, टाळी वाजवून.) उद्घाटनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट. पुढे ते मोडकळीला आलं, तर २०१६ मध्ये क्लबने ते दुरुस्त करून वापरायला घेतलं, आणि त्यासाठी चाहत्यांनीच सात लाखांवर डॉलर उभे केले, परताव्याच्या बोलीवर. हा भाग ऐकताना गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. सहकारी संस्थांचे शेअर प्रत्येकाच्या कपाटात पिवळे पडत आहेत. “आन् पहिल्याच मॅचले ७,४१० मानूस!” हा आकडा काकाजी सुटा सुटा उच्चारतात, पावतीवर अक्षरी रक्कम लिहावी तसा.

क्लबचे कट्टर समर्थक ढोल बडवतात, रंगीत धूर सोडतात आणि नव्वद मिनिटं उभं राहून घोषणा देतात. काकाजी जोरात साथ द्यायचे. त्या घोषणांत काय काय शिव्या असतात ते पोराने बराच काळ सांगितलं नाही, आणि सून मान खाली घालून फोन बघत राहायची. अर्थ कळल्यावर काकाजी म्हणाले, “चाल चांगली हाय.”

आता रविवारी पहाटे साडेचारला त्यांच्या घरी दिवा लागतो. समोरच्या आजींना वाटलं, काकाजी काकडआरतीला लागले. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. हार-जीत दुधाची पिशवी घ्यायला ते कसे येतात त्यावरून कळते. आणि बोलताना कायम ‘आपण’. “आपन २०२२ मधी दुसऱ्या दर्जाच्या लीगमधी आलो. त्याच एप्रिलात ओपन कपात कोलंबस क्रूले २–१ हरवलं. ते वरच्या लीगवाले! दोन वर्सांआधीचे चॅम्पियन!” डोळे भरून येतात. तेव्हा हे वर्ध्यातच होते आणि कूलरच्या जाळ्या बदलत होते, हे काकू आतून सांगतात. इतिहासकाराने घटनास्थळी असलंच पाहिजे असं नाही, हे माझंही मत आहे, पण काकूंसमोर मी ते मांडलेलं नाही.

गल्लीतल्या एका पोराने विचारलं, “काकाजी, मेस्सी आहे का यांच्यात?” काकाजींना ते लागलं. “तो मायामीत. वरच्या लीगमधी.”

“मग हे पहिले आले की वर जातील ना?”

“नाई! तिकडं पहिला नंबर आनला तरी वर नाई जाता येत. वर जायाले फी लागते. सॅन डिएगोवाल्यानं पन्नास कोटी डॉलर भरले. पन्नास कोटी! इंजिनिअरिंगची कॅपिटेशन फी फिकी हाय त्यापुढं.” मग मफलर सारखा करत, “आपन नाई भरत.”

हे वाक्य ते इतक्या तोऱ्यात म्हणतात की क्लबची सगळी तिजोरी यांच्याच कपाटात असावी. काकाजी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नायब तहसीलदारांची यादी त्यांच्या नावाच्या एक ओळ वर येऊन थांबली होती, असं त्यांच्या कचेरीतले लोक सांगतात. काकाजी हा इतिहास कधी पहिल्यापासून सांगत नाहीत.

मागच्या पावसाळ्यात गल्लीतल्या पोरांनी टीम काढली आणि जर्सीच्या वर्गणीला, साहजिकच, आधी काकाजींकडे गेली. काकाजींनी सगळ्यांना बसवलं, गोरसपाक दिला आणि विचारलं, “स्थापना कधीची?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. “मंगळवारची,” एकजण म्हणाला.

काकाजी आत गेले आणि दोनशे पानी रजिस्टर घेऊन आले. पहिल्या पानावर तारीख, वार, हजर असलेल्यांची नावं, सह्या. मैदान कोणाचं, चेंडू कोणाचा, पंप कोणाकडून आणला, सगळं कचेरीच्या वळणदार अक्षरात. पहिली मॅच पोरं पाच गोलांनी हरली. तेही लिहिलं, आणि पुढे कंसात ‘मैदान ओले’ असा शेरा. एका पोराला ते पान फाडायचं होतं. काकाजींनी त्याला पान क्रमांक आणि शिक्का दाखवला.

“काकाजी, जर्सीचं काय?”

“देतो ना. मरून घेऊ. पन आधी खाली सही करा सगळे. आन् तो गोलकीपर कुटं हाय? त्याले बोलवा, पाचच्या पाच गोल कसे झाले ते त्याच्याच शब्दात पायजे.”